नापास होण्याची ऐपत

खानदेशाने मराठी कादंबरीला दिलेला सर्वांत प्रसिद्ध विद्यार्थी नापास झालेला आहे. १९६३ साली ‘कोसला’ आली तेव्हा भालचंद्र नेमाडे पंचविशीत होते आणि त्यांचा पांडुरंग सांगवीकरही पंचविशीतलाच. सांगवीचा हा मुलगा पुण्याला कॉलेजात जातो, होस्टेलवर राहतो, मेसच्या भानगडीत पडतो, मित्रांवर पैसे उडवतो, परीक्षेत आपटतो आणि शेवटी गावी परततो. या परतण्यावर साठ वर्षांत भरपूर लिहून झाले आहे. अस्तित्ववाद झाला, परात्मता झाली, देशीवाद झाला. भाषेचा तर कीस पडला. एक साधी गोष्ट मात्र या चर्चेत मागे राहते. पांडुरंगला नापास होणे परवडते. वडिलांशी त्याचे पटत नाही, पण त्या वडिलांचे घर आहे, शेती आहे, गावात शब्दाला वजन आहे. पोरगा पुण्याहून हात हलवत आला म्हणून घरातली चूल बंद पडत नाही. त्याच्या निरर्थकतेच्या जाणिवेखाली काही एकर जमीन आहे, आणि ती जमीन कादंबरीत सतत असूनही आपण तिला केवळ पार्श्वभूमी समजत आलो.

याच खानदेशातले दुसरे एक पुस्तक आज तालुक्यांच्या अभ्यासिकांतून अधिक हाताळले जाते. डॉ. राजेंद्र भारूड यांचे ‘मी एक स्वप्न पाहिलं’. भारूड धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या सामोडे गावचे, भिल्ल समाजातले. वडील त्यांच्या जन्माआधीच गेले. आईने मोहाची दारू विकून मुलांना वाढवले. जिल्हा परिषदेची शाळा, मग नवोदय विद्यालय, मग मुंबईचे सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय, मग भारतीय प्रशासकीय सेवेची २०१३ ची तुकडी. पुढे ते नंदुरबारचे जिल्हाधिकारी झाले आणि करोनाच्या दुसऱ्या लाटेआधीच तिथे ऑक्सिजनची तयारी करून ठेवल्याबद्दल त्यांचे नाव देशभर झाले. पुस्तक सरळ आहे, प्रांजळ आहे, आणि त्यातली आई मराठीतल्या अनेक पुस्तकी आयांपेक्षा खरी आहे. लेखकाविषयी आदर ठेवूनच पुढचे लिहायचे आहे. माझी तक्रार पुस्तकाबद्दल नाही. ते आपण ज्या रीतीने वाचतो आणि पोरांना वाचायला लावतो, त्या रीतीबद्दल आहे.

ती रीत भडगाव-पाचोऱ्याकडच्या कुठल्याही बक्षीस समारंभात ऐकायला मिळते. पाहुणे उठतात, भारूडांचे किंवा अशाच एखाद्याचे उदाहरण देतात आणि समोर बसलेल्या भिल्ल वस्तीतल्या पोरांकडे बोट करतात. व्यासपीठावर भाषा प्रमाण मराठी असते. खाली उतरल्यावर तेच वाक्य अहिराणीत येते : त्या शिकनात, मंग तुमले काय व्हयनं? ते शिकले, मग तुम्हाला काय झाले? या प्रश्नाला उत्तर नको असते. ज्याला विचारला त्याने खाली मान घालावी एवढ्यासाठीच तो असतो.

एका समूहाचे, किंवा समूहातल्या एकाचे, कौतुक करायचे आणि त्याच कौतुकाने बाकीच्यांना गप्प बसवायचे, या युक्तीला समाजशास्त्रात नाव आहे : मॉडेल मायनॉरिटी, म्हणजे आदर्श अल्पसंख्य. नाव अमेरिकेतले आहे आणि त्याची जन्मकथा आपल्या कामाची आहे. जानेवारी १९६६ मध्ये विल्यम पीटरसन या समाजशास्त्रज्ञाने ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या साप्ताहिक पुरवणीत जपानी अमेरिकनांच्या यशावर लेख लिहिला. दुसऱ्या महायुद्धात याच लोकांना, सुमारे १ लाख २० हजार माणसांना, घरादारातून उचलून छावण्यांत कोंडले होते. एवढे सोसूनही ते कष्टाने, शिस्तीने, कुटुंबाच्या संस्कारांनी वर आले, असे लेखाचे म्हणणे. त्याच वर्षाच्या अखेरीस दुसऱ्या एका साप्ताहिकात चिनी अमेरिकनांविषयी तसाच मजकूर आला. काळ बघा. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झालेला, १९६५ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसची वॉट्स वस्ती पेटलेली, काळे लोक रस्त्यावर. अशा वेळी जपान्यांच्या पाठीवर पडलेली थाप काळ्यांच्या कानशिलावर वाजत होती. यांनी कुठे मोर्चे काढले? यांना कुठे सवलती लागल्या?

भारतीय या यादीत थोडे उशिरा आले, पण आले ते थेट पहिल्या बाकावर. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांना ते गोरे नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारले होते. १९६५ च्या स्थलांतर कायद्याने दार उघडले आणि ज्यांच्यासाठी ते उघडले त्यांत डॉक्टर, इंजिनिअर, शास्त्रज्ञ यांना प्राधान्य होते. मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने तिकडे गेली ती यानंतर; १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ उभे राहिले ते त्या पिढीने उभे केले. आज पंचविशीपुढच्या भारतीय अमेरिकनांपैकी पाऊणएक लोक पदवीधर आहेत. एकूण अमेरिकनांत हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास. दिवाळी अंकांच्या ‘परदेशस्थ’ विभागांतून या फरकाची कारणे आपण वर्षानुवर्षे वाचत आलो : संस्कार, पाढे, आईची शिस्त, शुभं करोति. संजय चक्रवर्ती, देवेश कपूर आणि निर्विकार सिंग यांनी ‘द अदर वन पर्सेंट’ या पुस्तकात या संस्कारकथेतली हवा काढून घेतली. त्यांच्या मते हे लोक तीन चाळण्यांतून गाळून आलेले आहेत. पहिली चाळणी जातीची आणि वर्गाची, दुसरी आपल्याकडच्या परीक्षांची, तिसरी अमेरिकी व्हिसाची. तीनदा चाळलेल्या पिठात कोंडा सापडत नाही, यात पिठाचे कर्तृत्व किती मानायचे? आणि या चाळण्या चुकवून गेलेले भारतीयही तिथे आहेतच. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ जणांना अमृतसरला आणून सोडले, त्यांत महाराष्ट्रातलेही होते. आदर्श समाजाच्या छायाचित्रात त्यांना जागा नव्हती.

भडगावच्या वाचकाला हे दूरचे वाटू नये. आपल्याकडे अल्पसंख्य हा शब्द धर्मापुरता वापरतात, पण ‘शिकणारा समाज’ आणि ‘न शिकणारा समाज’ अशी वाटणी गावातल्या पारावर रोज होते. अमुक समाजाचे लोक एक वेळ उपाशी राहतील पण पोराची फी भरतील. तमुक समाजाला शाळेचे वावडेच. समाजांची नावे मी मुद्दाम घेत नाही, वाचक आपापल्या गावाप्रमाणे ती भरून घेतील. या वाक्यांत शिकणे हा रक्ताचा गुण ठरतो. मग कोणाकडे विहीर कधी आली, कोणाचा आजा वतनदार होता, कोणाच्या आजाची हजेरी पोलिसपाटलाकडे लागत होती, हे विचारायची गरज उरत नाही. १८२५ साली इंग्रजांनी खानदेशात भिल्ल पलटण उभारली आणि जेम्स आउट्रमने धरणगावला तिचे ठाणे केले. लुटारू म्हणून ज्यांना डोंगरात मारले, त्यांतलेच पलटणीत घेतले की ‘सुधारलेले भिल्ल’. आदर्शाची निवड तेव्हाही वरून झाली होती, आणि उरलेल्यांना मोजायची फूटपट्टी म्हणून ती वापरली गेली.

जाता जाता एक स्थानिक गंमत. इंग्रजी अमदानीत आमच्या भडगावला सरकारी प्रायोगिक शेत होते. जुन्या खानदेश गॅझेटियरमध्ये त्याचा उल्लेख येतो. अशा शेतांना त्या काळी मॉडेल फार्म म्हणत. रयतेने येऊन बघावे आणि तसे पिकवावे, ही कल्पना. सरकारी शेतामागे सरकारी तिजोरी होती आणि बघायला येणाऱ्या कुणब्यामागे सावकाराची वही. गिरणेकाठचे ते शेत कधीच इतिहासजमा झाले, पण त्याच्यामागची कल्पना शिक्षणखात्याने अजून सोडलेली नाही.

याला मराठीतले सर्वांत जुने आणि सर्वांत नेमके उत्तर जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात आहे. वरच्या थोड्यांना उत्तम शिकवा, त्यांच्याकडून विद्या खाली झिरपेल, हे सरकारचे धोरण होते. फुल्यांनी विचारले की ती झिरपली कुठे? शेतकऱ्याच्या घामाच्या करातून उच्च शिक्षण चालते आणि त्याची मुले शाळेबाहेर राहतात, तेव्हा आधी प्राथमिक शिक्षण बारा वर्षे वयापर्यंत सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. तिच्यात गुणवंत शोधण्याची भाषा नाही. कोणाला निवडावे हा त्यांचा प्रश्नच नव्हता. सगळ्यांना, म्हणजे मंदबुद्धी, आळशी, खोडकर, मध्यम अशा सगळ्यांना शाळा मिळावी, एवढेच होते. १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध लढणाऱ्यांना अर्पण करणाऱ्या माणसाला समूहाची मुक्ती आणि एकट्याची बढती यांतला फरक चांगला ठाऊक होता.

भारूडांचे पुस्तक फुल्यांच्या शेजारी ठेवून वाचले की त्यातून वेगळेच काही दिसू लागते. या माणसाच्या शिडीची एकूण एक पायरी सार्वजनिक पैशाची आहे. शाळा जिल्हा परिषदेची. नवोदय केंद्र सरकारचे; राहणे, जेवणे, पुस्तके सगळे तिथे. जी. एस. महाविद्यालय मुंबई महापालिकेचे. ज्याला आपण एकट्याची जिद्द म्हणतो ती खरी आहेच, पण तिच्या पायाखाली दर वेळी सरकारने बांधलेली एक पायरी होती. यशोगाथा सांगणारे जिद्द ठेवतात आणि पायरी गाळतात. आणि पायरी किती अरुंद! १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून आलेल्या नवोदय योजनेत जिल्ह्याला साधारण एक विद्यालय आणि सहावीच्या वर्गात बहुधा ८० जागा. जळगावसारख्या ४२ लाख वस्तीच्या जिल्ह्यात ८० मुले आत गेली की बाहेरच्या पोरांना ‘प्रयत्न कमी पडले’ असे सांगता येते. आता तर तालुक्याच्या गावी नवोदय प्रवेशाचे क्लास चालतात, म्हणजे चाळणीच्या अलीकडे आणखी एक चाळणी बसली, आणि तिची फी पालकाने भरायची.

आदिवासी मुलांसाठी केंद्राने १९९७-९८ पासून वेगळ्या निवासी शाळा काढल्या. त्यांचे नाव एकलव्य आदर्श निवासी विद्यालय. नाव ज्याने ठेवले त्याने महाभारत वाचले नसावे, किंवा फारच बारकाईने वाचले असावे. शाळेत घेतले नाही तरी मातीच्या पुतळ्यापुढे स्वतः शिकलेला आणि वर फी म्हणून अंगठा दिलेला मुलगा हा सरकारी आदर्श. दलित-आदिवासी कवितेने एकलव्याला किती वेळा आणि किती संतापाने हाक मारली आहे, हे मंत्रालयात कोणी वाचले असते तर दुसरे नाव सुचले असते. नावापेक्षा अट महत्त्वाची आहे. २०१८ नंतरच्या धोरणानुसार ज्या तालुक्यात आदिवासींची लोकसंख्या निम्म्याहून अधिक आणि किमान २० हजार असेल, तिथे ही शाळा. नंदुरबार जिल्ह्यात आदिवासी ६९ टक्के, धुळ्यात ३१, जळगावात १४. हे २०११ च्या जनगणनेचे आकडे. म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याला ही शाळा पोचू शकते. भडगाव, पाचोरा, चाळीसगाव पट्ट्यात भिल्ल वस्त्या गावोगाव आहेत, पण गावाच्या कडेला, विखुरलेल्या, कुठेच बहुसंख्य नसलेल्या. योजनेच्या नकाशावर त्या उमटतच नाहीत. त्यांचा आदिवासी प्रकल्पही यावलला, तापीच्या पलीकडे. दाखला काढायला जायचे तर दिवसाची मजुरी बुडवून.

या वस्त्यांतली बरीच कुटुंबे दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल पावसाळ्यातच खाऊन झालेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि मुले ट्रकच्या टपावर बसून बरोबर निघतात. मुलांना मागे ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. ती दर वर्षी कधी सुरू होते आणि टोळ्या कधी निघून जातात, याचा मेळ बसवणे हे शिक्षकांचे नशीब. हा वाचक दिवाळी अंक चाळत असेल त्या आठवड्यांतच वर्ग अर्धे होतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणाला नापास करायचे नाही असे ठरवले होते. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना मोकळीक दिली, आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी व आठवीची वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. फेरपरीक्षेतही आपटला तर मूल त्याच वर्गात. ढकलगाडी बंद झाली म्हणून शहरी पालकांना बरे वाटले, आणि त्यांचे सगळेच चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. सातवीतल्या मुलाला वाचता येत नाही ही लाजच आहे. पण कोपरगावच्या नाहीतर बारडोलीच्या फडात चार महिने काढून आलेल्या पोराने एप्रिलात जो पेपर द्यायचा, तोच पेपर क्लासला जाणाऱ्याने द्यायचा. दोघेही नापास झाले तर एकाचे वर्ष वाया जाते आणि दुसऱ्याची शाळा सुटते. सांगवीकराची ऐपत आठवीतल्या भिल्ल पोराकडे नाही.

इथे पुन्हा साहित्याकडे यायला हवे, कारण आदर्शाची ही सवय आपल्याला पुस्तकांनीही लावली. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरला शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयातल्या मुलांत त्यांचा जीव होता. ‘श्यामची आई’ नीट वाचली तर श्याम हा आदर्श मुलगा मुळीच नाही. तो खोटे बोलतो, चोरतो, हट्ट करतो, पाण्याला भितो. त्याचा आदर्श आपण नंतर केला, शाळेच्या भिंतीवर टांगण्यासाठी. दलित आत्मकथनांचेही असेच झाले. १९७८ च्या ‘बलुतं’मध्ये शिकून नोकरीला लागलेला दया पवार आणि त्याच्या आत दबलेला दगडू मारुती पवार समोरासमोर बसतात, शिक्षणाने दगडूची सुटका झालेली नाही, उलट दोघांत दरी पडली आहे. १९९३ साली नरेंद्र जाधवांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ आले. बाप विलक्षण आहे, त्याची बोली विलक्षण आहे, पुस्तक हाती घेतले की सुटत नाही. पण त्यात एक धागा पक्का विणलेला आहे : ज्यात जाशील त्यात अव्वल हो. मुलेही एकाहून एक वर गेली. वाचकांनी, विशेषतः सवर्ण वाचकांनी, या पुस्तकाला जे भरभरून प्रेम दिले त्यात मला थोडी सुटकेची भावना दिसते. ‘बलुतं’ वाचून झोप उडत होती. इथे शेवट गोड होता आणि तो गोड करायला वाचकाला काही करावे लागत नव्हते. लेखकाचा यात दोष नाही. वाचकाने ‘आमचा बाप’मधला बाप उचलला आणि ‘आम्ही’ला वाहवा दिली, ज्या वस्तीतून हे कुटुंब आले ती वस्ती मात्र तिथेच राहिली.

त्यानंतरच्या तीस वर्षांत यशोगाथा हा मराठीतला एक स्वतंत्र प्रकार झाला. निकालाच्या दिवशीचे वर्तमानपत्र उघडा. मोलमजुरी करणाऱ्याचा मुलगा, भाजी विकणाऱ्या आईची मुलगी, कोणताही क्लास न लावता, चिमणीच्या उजेडात. खाली पेढा भरवतानाचा फोटो. चिमणीच्या उजेडात का, हे बातमीदार महावितरणला विचारत नाही. अडचण जितकी मोठी तितकी गाथा चवदार, त्यामुळे अडचण दूर करण्यात कोणाला रस उरत नाही. आणि जो पोरगा ५२ टक्क्यांनी पास झाला त्याच्यावर ओळ नाही. तहसीलदाराचा मुलगा ५२ टक्क्यांनी पास झाला तर डिप्लोमाला जातो, खासगी महाविद्यालयात जागा विकत घेतो, चार वर्षांनी मार्गाला लागतो. वस्तीतला ५२ टक्केवाला पुढच्या हंगामात कोयता धरतो. महाराष्ट्रातल्या अनुसूचित जमातींची साक्षरता २०११ मध्ये ६५.७ टक्के होती, सगळ्या राज्याची ८२.३. हे अंतर पहिल्या नंबरांनी पडलेले नाही, त्यामुळे पहिल्या नंबरांनी ते बुजणारही नाही. विषमता मोजायची तर दोन्हीकडचे मधले पोर घेऊन मोजावी.

भिल्ल जीवनाविषयी यशोगाथेच्या आधीचा एक आवाज खानदेशातच आहे. वाहरू सोनवणे हे शहाद्याच्या श्रमिक संघटनेतून आलेले कवी. १९८७ च्या त्यांच्या ‘गोधड’ संग्रहात ‘स्टेज’ नावाची एक लहानशी कविता आहे आणि ती अनेक भाषांत गेली आहे. आम्ही खाली बसलो, ते स्टेजवर चढून आमचे दुःख आम्हालाच सांगत राहिले, असा तिचा आशय. त्या कवितेत ‘मी’ नाही, ‘आम्ही’ आहे. यशोगाथेत बरोबर उलटे घडते : खाली बसलेल्यांतल्या एकाला वर बोलावतात, शाल घालतात, आणि त्याच्या तोंडून खालच्यांना सांगायला लावतात की दुःख वगैरे काही नसते, जिद्द लागते. स्टेज तेवढेच राहते. सोनवण्यांच्या कवितेला पाठ्यपुस्तकी कौतुक मिळाले, पण बक्षीस समारंभात ती कोणी म्हणताना ऐकलेली नाही.

मराठी कादंबरीत भिल्ल सांगवीकर माझ्या तरी वाचनात आलेला नाही. आश्रमशाळेतून कसाबसा बारावी झालेला, जळगावला विद्यापीठात बी. ए.ला नाव घातलेला, वसतिगृहाचा भत्ता सहा महिने न आल्याने मेसवाल्याला तोंड चुकवणारा, लायब्ररीत झोपणारा, कोणा मुलीसाठी उगाच कविता करणारा, दुसऱ्या वर्षी दोन विषय राहिलेला आणि तरी स्वतःवर हसू शकणारा मुलगा. त्याच्या बापाने मुकादमाकडून घेतलेली उचल किती होती, हे त्याला तोंडपाठ असेल. वही काढून तो मित्रांच्या चहाचे हिशेबही लिहील, आणि त्यातले निम्मे खोटे असतील.